मुहूर्तापुरती साइट

आमच्या ऑफिसात नारळ फोडता येत नाही. परळच्या त्या काचेच्या टॉवरमध्ये गालिचा खराब होतो म्हणून नारळाला बंदी, आणि छतातली यंत्रं धुराने बोंबलतात म्हणून कापराला बंदी. त्यामुळे हॉस्पिटलच्या नव्या वेबसाइटचा मुहूर्त झाला तो खाली गेटवर, वॉचमनच्या केबिनशेजारी. लॅपटॉप धरून मी उभी होते आणि सुनेत्रा मॅडमनी त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं. त्यातलं थोडं कीबोर्डच्या फटीत गेलं, ते अजून निघालेलं नाही.

सुनेत्रा मॅडम म्हणजे परळच्याच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या बाई. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण माझे बाबा आठवड्यातून तीनदा तिथे डायलिसिसला जातात आणि मला तिथे तोंड दाखवायचं असतं. त्यांची जुनी साइट तळघरातल्या एका कॉम्प्युटरवर चालायची. ती उचलून क्लाउडवर न्यायची, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गावातल्या भाड्याच्या मशीनवर ठेवायची, आणि वर एक अशी सिस्टीम बसवायची की ओपीडीची वेळ बदलली, डॉक्टर रजेवर गेले, तर हॉस्पिटलच्याच माणसांनी लिहावं आणि बटण दाबून प्रसिद्ध करावं. हे आमच्या कंपनीचं काम. त्यातला मजकूर माझ्याकडे, मशीन राजरत्नकडे, आणि आम्हा दोघांना 'काय झालं, कुठवर आलं' विचारायचं काम हेरंब सरांकडे.

काम कुठवरच आलेलं नव्हतं. गणपतीचे दिवस होते. आमच्या टीममध्ये सगळे राणे, सावंत, तावडे. त्यांना गणपतीत गावी जाऊ नका म्हणण्याची छाती हेरंब सरांनाही नाही. अर्धी टीम कोकणात होती. मीही परबांची, पण बाबांचं डायलिसिस सुरू झाल्यापासून आम्ही गावचा गणपती फोनवरच बघतो. त्याचं मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की मी ऑफिसातल्या माणसांवर खेकसते.

तर हॉस्पिटलच्या सर्वांत वयस्कर विश्वस्तांचं म्हणणं पडलं की नवं काम पितृपक्ष लागायच्या आत सुरू झालंच पाहिजे. सुनेत्रा मॅडमनी ते हेरंब सरांना सांगितलं. हेरंब सर शिवाजी पार्कला रोज सकाळी फिरतात आणि त्यांना सगळ्या कल्पना तिथेच सुचतात. दुसऱ्या दिवशी ते तोडगा घेऊन आले. मुहूर्त करून टाकू. हॉस्पिटलच्या आत बसून जो कोणी साइट उघडेल त्याला नवी साइट दिसेल, आणि बाहेरच्या जगाला, म्हणजे पेशंटना, काम पुरं होईपर्यंत जुनीच दिसत राहील. पत्ता एकच. विश्वस्त खूश, आपल्यालाही दसऱ्यापर्यंत वेळ.

"मग त्यातली खरी कुठली समजायची?" मी विचारलं.

"दोन्ही खऱ्या," हेरंब सर म्हणाले आणि चहा घ्यायला गेले.

शिवाय एक तालमीची प्रत होती. प्रत्येक नव्या साइटची अशी एक वेगळी प्रत असते; तिथे वाट्टेल ते खेळून बघता येतं. म्हणजे आता एका हॉस्पिटलच्या तीन साइट झाल्या. एक ना धड, भाराभर चिंध्या. राजरत्न नायगावचा, फार बोलत नाही, पण प्रत्येक गोष्ट मेलवर विचारून घेतो. त्याने हॉस्पिटलकडून त्यांच्या इंटरनेटचा पत्ता लेखी मागवला, तेवढ्या पत्त्याला नवी साइट दाखवायची सोय केली, आणि मला म्हणाला, "रुपाली, हे लफडं आहे हां. लक्षात ठेव." मी मान डोलावली. लक्षात काय ठेवायचं ते मला नीट कळलेलं नव्हतं. विश्वस्तांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर तेवढी नवी साइट दिसणार, असं मी धरून चालले.

मग मी हॉस्पिटलच्या माणसांना शिकवायला गेले. शिकवायचं खरं तालमीच्या प्रतीवर. पण तिचा पासवर्ड आमच्या तावडेकडे, आणि तावडे देवगडला, फोन लागेल तर शपथ. म्हणून मी सरळ नव्या साइटवरच शिकवलं. सांगितलं, बिनधास्त लिहा, पेशंटना यातलं काही दिसत नाही. डायलिसिसच्या दीपिका सिस्टर सगळ्यांत हुशार निघाल्या. सरावाला काहीतरी सूचना लिहा म्हटलं तर त्यांनी लिहिलं: 'डायलिसिस विभाग मंगळवारपासून तात्पुरता शीव येथील नव्या इमारतीत हलवण्यात येत आहे. रुग्णांनी नेहमीच्या वेळी तेथे यावे.' शीवला ट्रस्टची इमारत बांधून होत आली होती आणि कोण कुठे जाणार याच्याच गप्पा तिथे चालू होत्या, म्हणून त्यांना ते सुचलं असणार. मी एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिलं. त्यांनी बटण दाबलं, सूचना पहिल्या पानावर झळकली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला शिकवलेलं फळाला आल्याचं समाधान झालं आणि त्या समाधानात मी ती सूचना तशीच ठेवून घरी आले.

बाबांबद्दल आता सांगायला हवं. जयवंत परब. तरुणपणी मिलमध्ये होते. संपानंतर गिरगावातल्या एका छापखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. लालबागला आमची चाळ पाडून जी इमारत उभी राहिली तिच्यात आम्ही दोघं राहतो. आई गेल्यावर बाबांनी एकच हट्ट धरला आहे, की डायलिसिसला मी एकटा जाणार आणि एकटा येणार. हातात पिशवी, पिशवीत चादर आणि खारी. मी सोबत येते म्हटलं तर रागावतात. त्यांचं आता जे काही स्वतःचं उरलंय ते एवढं एक जाणं-येणं आहे, हे मला माहीत आहे. म्हणून मीही जास्त ताणत नाही.

त्या मंगळवारी मी ऑफिसात होते. दीपिका सिस्टरांचा फोन आला की परब काका अजून आले नाहीत. काका कधी उशीर करत नाहीत, आणि बाजूच्या खाटेवरच्या गंगुबाईही नाहीत, आणखी एक आजोबा नाहीत. मी बाबांना फोन लावला. पाठीमागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"मी शीवाक इलंय," बाबा म्हणाले. "हंयसर कोणाक काय म्हायत नाय. वॉचमन म्हणता इमारत अजून बंद आसा."

मी विचारलं की शीवला कशाला गेलात, तर म्हणाले, तुझ्या साइटवर लिहिलंय की. शनिवारी मशीनवर पडल्या पडल्या त्यांनी वाचलं होतं. एरवी ते फोनवर भजनं लावतात, पण लेकीने नवी साइट केली म्हणून त्यांनी ती उघडली आणि मोठ्याने गंगुबाईंना वाचून दाखवली. गंगुबाईंनी त्या आजोबांना सांगितलं. परबांच्या मुलीनेच केलेली साइट म्हटल्यावर सिस्टरला विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

मी फोन कानाला धरूनच समोर साइट उघडली. सूचना नव्हती. पुन्हा उघडली. डायलिसिस विभाग, दुसरा मजला, परळ. वर्षानुवर्षं होतं तेच. राजरत्नने त्याच्या फोनवर बघितलं, तिथेही तेच. मला सरावाची सूचना आठवली का? आठवली. पण ती बाहेर कोणाला दिसतच नाही, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की मी तिचा विचारच केला नाही. बाबांनी जे वाचलं म्हणतात ते जगात कुठेच नाही, मग ते त्यांना दिसलं कुठून? दिसलं नसणार. कोणीतरी शीवच्या इमारतीची गोष्ट केली असेल आणि बाबांनी ती साइटवर वाचली असं त्यांना वाटलं असेल.

"बाबा, तसां काय नाय हा साइटवर," मी म्हटलं. "तुमी चुकलात. टॅक्सी करा आणि परळाक येवा."

त्यांनी वॉचमनला टॅक्सी कुठे मिळेल ते विचारलं. मग ते बरं म्हणाले.

तिघं परत आले तोवर त्यांच्या मशीनवर दुसरे पेशंट लागले होते. बाबांचा आणि आजोबांचा नंबर संध्याकाळी लागला. गंगुबाईंना दम लागला, पाय सुजले, त्यांना वरच्या मजल्यावर ठेवून घेतलं. त्यांची सून बाबांकडे बघत राहिली, आणि बाबा तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. चुकलो, म्हणाले, मला वाचल्यासारखं वाटलं. माझ्या वडिलांना हात जोडून उभं राहिलेलं मी देवासमोर सोडून कुठे बघितलं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कोणाचा करायचा हे कळेना.

डॉक्टरांनी बाबांना समोर बसवून प्रश्न विचारले. आज वार कुठला, आपण कुठे आहोत, शंभरातून सात वजा करा. या आजारात कधी कधी असा गोंधळ होतो, असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले. घाबरू नका, पण लक्ष ठेवा. बाबांनी सगळी उत्तरं बरोबर दिली होती. मात्र प्रत्येक उत्तर देण्याआधी ते माझ्याकडे बघत होते.

घरी आल्यावर मी लक्ष ठेवायला लागले, आणि लक्ष ठेवलं की काय, सगळं दिसायला लागतं. त्यांनी चहात दोनदा साखर घातली. शेजारच्या बाईंना त्यांच्या सासूच्या नावाने हाक मारली. हे आधीही व्हायचं का? मला आठवेना. मी माझ्याच घरात बावळटासारखी फिरत होते, हे खरं म्हणू की ते. बुधवारी बाबांनी आपला फोन माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, हा तुझ्याकडेच ठेव, उगाच कोणाच्या जिवावर बेतेल. मी तो घेतला. घ्यायला नको होता.

गुरुवारी त्यांच्या नाही-नाही म्हणण्याकडे दुर्लक्ष करून मी सोबत गेले. पहिल्यांदाच त्यांनी फार विरोध केला नाही. त्यांना मशीन लावलं, त्यांचा डोळा लागला, आणि मी शेजारी स्टुलावर बसून मोबाइलवर काम काढलं. आत रेंज येत नाही, म्हणून भिंतीवर चिकटवलेला पाहुण्यांच्या वायफायचा पासवर्ड टाकला आणि साइट उघडली.

पहिल्याच पानावर लिहिलं होतं: डायलिसिस विभाग मंगळवारपासून तात्पुरता शीव येथील नव्या इमारतीत.

मी फोन बंद केला. उघडला. होतं. उठून जिन्यात गेले, तिथे वायफाय तुटलं आणि मोबाइलचं नेट आलं. उघडलं तर नाही. परत वॉर्डात आले, आहे. जिन्यात, नाही. तिसऱ्यांदा बाहेर निघाले तेव्हा दारावरचे वॉर्डबॉय मामा म्हणाले, ताई, एकतर आत बसा नाहीतर बाहेर. मी जिन्यातच बसले आणि राजरत्नला फोन लावला. मला जे दिसतंय ते त्याला सांगताना माझ्या लक्षात आलं की बाबा शीवच्या गेटवरून बोलत होते तेव्हा त्यांनाही असंच वाटलं असणार.

राजरत्नने हॉस्पिटलची जुनी मेल उघडून बघितली. मग त्याने सांगितलं की हॉस्पिटलने त्याला जो पत्ता दिला तो सगळ्या बिल्डिंगचा एकच आहे. विश्वस्तांची खोली, बिलिंग, आणि पेशंटचं फुकट वायफाय, सगळं एकाच तारेवर. म्हणजे बाहेरच्या पेशंटना जुनी साइट, पण खाटेवर पडलेल्या पेशंटना नवी. सरावाची सूचना फक्त त्यांनाच दिसत होती ज्यांना ती कधी दिसायला नको होती. हॉस्पिटलच्या माणसांनी ती पाहिली कशी नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आपल्याच हॉस्पिटलची साइट कोण उघडतं गं?"

"काढ ती आधी," मी म्हटलं. अजून कोणी शीवला जाईल एवढंच माझ्या मनात होतं. त्याने तिथल्या तिथे काढली.

पुढचं मला फोन खिशात टाकताना सुचलं. बाबांना दाखवायला आता काही राहिलं नव्हतं.

ते जागे झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. मुहूर्त, दोन साइट, एक तार, सराव. हे असं कोण का करेल, हे सांगता सांगता माझं मलाच खोटं वाटायला लागलं. बाबा ऐकत होते. म्हणाले, दाखव. मी म्हटलं, आत्ताच काढली. त्यांनी मान हलवली. मग मी राजरत्नला सांगून आतला इतिहास उघडायला लावला. कोणी कधी काय लिहिलं आणि काय पुसलं, हे सिस्टीम जपून ठेवते. ते पान मी त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, छापखान्यात वाचायचे तसं बोट फिरवत.

"तू लिवतलंस तां थंय दिसतला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी ते त्यांच्यासाठी आत्ता लिहून आणलंय असं धरून माझी समजूत घालत होते ते.

मी दीपिका सिस्टरांना बोलावलं. तुम्ही लिहिलं होतं ना, बाबांना सांगा. सिस्टर बाबांच्या हाताची पट्टी नीट करत राहिल्या. गंगुबाईंच्या मुलाने तक्रार दिली होती आणि सुनेत्रा मॅडमनी सगळ्यांना बजावलं होतं की पेशंटशी या विषयावर अवाक्षर बोलायचं नाही, हे मला नंतर कळलं. "मला नीट आठवत नाही, काका," सिस्टर म्हणाल्या. वर बघितलं नाही त्यांनी. मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. पण त्यांची नोकरी नवी, घरी दोन पोरं, आणि शिकवायला गेलेली बाई मीच. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहिले आणि मोठ्याने सांगितलं, की ती सूचना साइटवर खरंच होती, माझ्या बाबांनी बरोबर वाचलं, चूक आमची आहे. सगळी मशीनं घरघरत होती. आजोबांनी हात वर करून 'असू दे' केलं. गंगुबाई त्याच दिवशी वॉर्डात परत आल्या होत्या, तोंड अजून सुजलेलं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

"बापाची लाज राखलंस गो बाय," त्या म्हणाल्या. "अशी लेक सगळ्यांका मिळो."

बाबांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांनी ते ऐकलं.

ऑफिसात हेरंब सरांनी मीटिंग घेतली. हा मजकुराचा प्रश्न आहे असं त्यांचं मत पडलं, सुनेत्रा मॅडमच्या मते तांत्रिक, आणि राजरत्नने आपली मेल काढून दाखवली तेव्हा दोघांनीही ती वाचायला वेळ नाही असं सांगितलं. पितृपक्ष संपला, कोकणातली मंडळी उकडीचे मोदक विसरून कामाला लागली, नवी साइट सगळ्यांना सारखी दिसायला लागली. आता एकच आहे आणि ती बरोबर आहे. लोक म्हणतात छान झालीय.

त्या गुरुवारनंतरच्या शनिवारी सकाळी मी बाबांचा फोन त्यांच्या पिशवीत ठेवला आणि म्हटलं, जावा तुमी एकटे, मी नाही येत. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी चपला घातल्या, पिशवी घेतली, दाराची कडी काढली, आणि उंबऱ्यावर थांबले. इतकी वर्षं ज्या रस्त्याने जातात तो आमच्या खिडकीतून दिसतो.

"रुपाली," ते म्हणाले, "आज खंय जावचा?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, आणि मग निघाले. त्यानंतर प्रत्येक मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी ते दारात थांबून विचारतात, आणि मी सांगते, परळाक, बाबा.